मंगळवारचे तिघं आणि शुक्रवारचा एक

पत्र थोडक्यात असं आहे. लिहिणारा २६ वर्षांचा, घणसोलीत भाड्याने राहतो, महापेला एका कंपनीत सपोर्टला आहे. मूळचा ठाण्याचा, वर्तकनगरचा. बिल्डिंगमधले चौघं शाळेपासून एकत्र गेम खेळतात, आता एक पुण्याला, एक डोंबिवलीला, एक अजून तिथेच, पण रात्री दहाला हेडफोन लावून चौघं ऑनलाइन भेटतात. दोन वर्षं वाट बघितलेला एक को-ऑप, म्हणजे मित्रांनी एकाच बाजूने मिळून खेळायचा, गेम येतोय. साधी एडिशन ३९९९ रुपये, डिलक्स ५९९९. डिलक्सवाल्यांना गेम मंगळवारी उघडणार, साधीवाल्यांना शुक्रवारी. दोघांनी डिलक्स बुक करून टाकलंय. चौथ्याची नोकरी मे महिन्यात गेली, तो म्हणाला, "तुम्ही खेळा रे, मी शुक्रवारी येतो." प्रश्न असा: "दादा, तोच गेम जास्त पैसे देणाऱ्याला आधी खेळू देणं फेअर आहे का? मी डिलक्स घेऊ, का चौथ्यालाही मीच घेऊन देऊ, का निषेध म्हणून घेऊच नको?"

मित्रा,

तुझ्या मूळ पत्राची चार पानं आहेत, त्यातली साडेतीन पानं कंपनीला शिव्या आणि शेवटच्या अर्ध्या पानावर तो चौथा येतो. मला वाचताना सारखं वाटत होतं की हे पत्र मागून पुढे लिहायला हवं होतं. पण तू ज्या क्रमाने विचारलंयस त्याच क्रमाने जाऊ, कारण फेअर-अनफेअरचा प्रश्नही काही फालतू नाहीये, आणि मी स्वतः त्यावर दोन दिवस घोळ घातलाय.

आधी एक गुंता सोडवू. 'अर्ली ॲक्सेस' हा एकच शब्द दोन अगदी वेगळ्या गोष्टींना लावतात आणि तुझ्या पत्रातही ते दोन्ही एकमेकांत मिसळलेत. पहिला प्रकार म्हणजे अर्धवट गेम विकणं. स्टीम या गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानाने २०१३ मध्ये हे सुरू केलं, त्यात सरळ सांगितलेलं असतं की बाबा माल कच्चा आहे, बग असतील, पुढे काय होईल सांगता येत नाही, बघ पटतंय का. बाल्डर्स गेट ३ असाच ऑक्टोबर २०२० मध्ये आला, तेव्हा त्यात गोष्टीचा फक्त पहिला अंक होता, आणि पूर्ण गेम ऑगस्ट २०२३ मध्ये. जवळजवळ तीन वर्षं लोकांनी पैसे देऊन चुका शोधून दिल्या आणि त्यातून गेम घडला. उलटही होतं, द डे बिफोर नावाचा गेम ७ डिसेंबर २०२३ ला असाच अर्ली ॲक्सेसमध्ये आला आणि चार दिवसांत स्टुडिओने दुकान बंद करत असल्याचं जाहीर केलं, मग लोकांना पैसे परत द्यायची धावपळ. यात धोका आहे, पण व्यवहार काय आहे ते दोन्हीकडच्यांना माहीत असतं, त्यामुळे माझी त्याबद्दल तक्रार नाही.

तुझं दुखणं दुसऱ्या प्रकारचं आहे. इथे गेम तयार आहे, सर्व्हर चालू आहे, फक्त तुझ्यासाठी कुलूप लावलेलं आहे. स्टारफिल्डचं घे, अधिकृत तारीख ६ सप्टेंबर २०२३, पण ७० डॉलरऐवजी १०० डॉलर देणाऱ्यांना १ सप्टेंबरपासून खेळता येत होतं. हॉगवर्ट्स लेगसीला तीन दिवस, डियाब्लो ४ ला चार दिवस, फुटबॉलच्या ईए एफसीला दरवर्षी अल्टिमेट एडिशनवाल्यांना सात दिवस. आता ही पद्धतच झालीये.

यावर पहिला बचाव नेहमीचा असतो, की यात नवीन काय, पहिल्या मालाला जास्त भाव सगळीकडेच मिळतो. तू तर वाशीच्या मार्केटच्या शेजारी राहतोस, थंडीतच देवगडची पहिली पेटी येते तेव्हा तिला काय भाव मिळतो ते पेपरात फोटोसकट छापून येतं, पेटीला हार घालून पूजा करतात, आणि मे महिन्यात तोच हापूस घरोघरी चोखून कोया फेकल्या जातात. पहिल्या पेटीवाल्याला कोणी लुटारू म्हणत नाही. पण नीट बघ, जानेवारीत आंबा महाग असतो कारण झाडावर पिकलेलाच कमी असतो, टंचाई खरी असते. गेमचं म्हणजे अख्खी बाग पिकून गोडाऊनमध्ये येऊन पडलीये आणि व्यापारी म्हणतोय, दोन हजार जास्त दिलेस तर आज नेशील, नाहीतर शुक्रवारी ये. आंबे तेच. उद्याचेही तेच.

म्हणून माझं मत विचारशील तर कंपनी मंगळवार विकत नाहीये. मंगळवारी गेम रिलीज होतोच आहे, यूट्यूबवर मंगळवारी रात्री शेवटच्या बॉसचे व्हिडिओ थंबनेलसकट पडणार आहेत. कंपनी बाकीच्यांचा उशीर तयार करते आणि त्या उशिरातून सुटका विकते. जास्त पैशाला जास्त काहीतरी द्या ना, कोण नाही म्हणतंय, ठाणे-दादर लाइनला एसी लोकलचं तिकीट जास्त आहेच की, पण एसीवाला साध्या लोकलवाल्याच्या तीन दिवस आधी दादरला पोचत नाही, तो फक्त घाम न गाळता पोचतो. डिलक्समध्ये वेगळे कपडे द्या, आर्टबुक द्या, साउंडट्रॅक द्या. पण साध्याला गाडीच शुक्रवारी सोडणार हे मला कोतेपणाचं वाटतं.

कोतेपणाचं म्हणतोय, फसवणूक म्हणत नाहीये, इथे तुझं-माझं जमत नाही. कंपनीने काही लपवलेलं नाही, दोन किमती, दोन तारखा, सगळं पानावर लिहिलंय. आणि तिची बाजूही अगदीच पोकळ नाहीये. अमेरिकेत मोठ्या गेमची किंमत २००५ च्या आसपास ६० डॉलर झाली ती २०२० पर्यंत तिथेच होती, मग ७० झाली. पंधरा वर्षांत वडापावचं काय झालं बघ. त्या काळात गेम बनवायचा खर्च, माणसं, वेळ सगळं कितीतरी वाढलं, तो खर्च कुठूनतरी काढायचा तर उत्साही लोकांकडून जास्त घ्या आणि बाकीच्यांसाठी किंमत कमी ठेवा, असा तो हिशोब. मला तो अर्धाच पटतो, कारण डिलक्स एडिशनही वाढल्या आणि साध्याची किंमतही शेवटी वाढलीच. पण "लुटतायत, चोर आहेत" हे तुझ्या पत्रातलं जे आहे त्यात मी सामील नाही. तुला कोणी मंगळवार घ्यायला लावत नाहीये.

आता पैशाचा हिशोब कर. तो तू केलेलाच नाहीस, चार पानांत कुठेही नाही! तीन दिवस म्हणजे बहात्तर तास असं जाहिरातीत असतं. तुझे बहात्तर तास आहेत का? तू स्वतःच लिहिलंयस की साडेआठला निघतोस आणि घरी यायला आठ वाजतात, जेवण, आईचा फोन, मग दहाला बसणार आणि दुसऱ्या दिवशी शिफ्ट आहे म्हणून साडेबाराला उठणार. मंगळ, बुध, गुरू, रोजचे अडीच तास, झाले साडेसात. दोन हजार भागिले साडेसात, तासाला अडीचशेच्या वर. आणि हे साडेसात तास तू जास्तीचे खेळणार असंही नाही, तेच तास शुक्रवार-शनिवारी खेळलास असतास. स्किन म्हणजे ते वेगळे कपडे, आर्टबुक वगैरेचं तुला काही नाही हे तूच म्हणतोस. पुढचा मोठा विस्तार डिलक्समध्ये धरलेला असेल तर गोष्ट वेगळी, ते तपशिलात वाच, पण तेही बहुतेकदा नंतर सुटं घेता येतं.

शिवाय मंगळवारी चालेल का हा प्रश्न आहेच. तू सपोर्टला आहेस, नवीन काही लाइव्ह गेल्यावर पहिल्या दिवशी तुमच्याकडे तक्रारींच्या तिकिटांचा काय पाऊस पडतो ते तुला मी सांगायला नको. सुइसाइड स्क्वाड: किल द जस्टिस लीग, जानेवारी २०२४ अखेरची गोष्ट, डिलक्सवाल्यांना तीन दिवस आधी उघडला आणि काही जणांना लॉगिन केल्या केल्या गेम पूर्ण झालेला दिसायला लागला, न खेळताच! सर्व्हर काही तास बंद ठेवावे लागले. ज्यांनी आधी खेळायचे पैसे दिले त्यांनाच बंद दार बघत बसावं लागलं, मग भरपाई म्हणून गेममधली २० डॉलरची नाणी दिली. पहिल्या प्रकारच्या अर्ली ॲक्सेसमध्ये तू टेस्टर असतोस हे तुला माहीत असतं. इथे नसतं, एवढाच फरक.

हे सगळं झालं कंपनीचं. आता ते अर्धं पान.

तू लिहिलंयस, "त्याला वाईट वाटलंय हे मला कळतंय." कशावरून? त्याने लिहिलं "तुम्ही खेळा रे, मी शुक्रवारी येतो" आणि खाली अंगठा टाकला. तू त्या अंगठ्याचा अर्थ लावलास. कदाचित बरोबर लावलास, तू त्याला पंधरा वर्षं ओळखतोस, मी ओळखत नाही. पण हेही शक्य आहे की नोकरी गेलेल्या माणसाला ३९९९ सुद्धा जड आहेत आणि शुक्रवार हाच त्याचा ताणून ताणून दिलेला शब्द आहे. किंवा त्याला खरंच काही फरक पडत नाही आणि आपल्यामुळे तिघं खोळंबले हे त्याला जास्त लागेल. तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि तिन्हींचं उत्तर वेगळं आहे. तू एकही विचारलेली नाहीस. ग्रुपवर कंपनीच्या नावाने मात्र मीम टाकलेस. मला तर वाटतं कंपनीवरचा एवढा राग काही अंशी यासाठीच आहे, की ती व्हिलन झाली म्हणजे तिघांपैकी कोणालाच काही ठरवावं लागत नाही.

दुसरं तू गृहीत धरलंयस की तीन दिवस म्हणजे फक्त तीन दिवस. फुटबॉल किंवा गोष्टीचा एकट्याने खेळायचा गेम असता तर मी म्हटलं असतं जा, खेळ. पण हा को-ऑप आहे. तुम्ही तिघं गुरुवार रात्रीपर्यंत बाराव्या लेव्हलला, हत्यारं जमवलेली, नकाशा उघडलेला, कुठल्या गुहेत कोण दडून बसलंय ते पाठ. शुक्रवारी तो येणार पहिल्या लेव्हलला. मग तुम्ही त्याला "अरे तिकडे नको, ते नंतर, आधी हे घे" करत ओढत नेणार. त्याला कुठल्याही वळणावर दचकायला मिळणार नाही कारण तिघांचं दचकून झालंय. हे नुकसान दोन हजारांत बसत नाही, आणि ते फक्त त्याचंच नाही. चौघं एकत्र पहिल्यांदा कुठेतरी शिरता, त्याचीच तर दोन वर्षं वाट बघत होतात ना?

इथे जरा माझं सांगतो. नव्वदच्या आसपास ठाणा स्टेशनजवळ एका बोळात व्हिडिओ गेमचं पार्लर होतं, रुपयाला एक डाव. नवीन मशीन आलं की मालक पहिले दोन आठवडे दोन रुपये घ्यायचा, मग रुपयावर आणायचा. म्हणजे तुमची डिलक्स एडिशन आम्हाला तेव्हाच भेटली होती, फक्त तिला ते नाव नव्हतं. आमच्यात एकाकडेच दोन रुपये असायचे. पण तो खेळायचा तेव्हा आम्ही पाच जण त्याच्या मानेवर श्वास सोडत उभे असायचो, उडी मार, खाली बस, अरे आंधळ्या मागे बघ, आणि तो मेला की शिव्या आम्ही द्यायचो. बघायला पैसे नव्हते. दोन आठवड्यांनी आमच्या हातात दांडा आला तेव्हा आम्ही त्याच्यापेक्षा बरे खेळायचो. त्या मालकाबद्दल मला आजही राग नाही, पण त्याने आम्हाला दुकानाबाहेर उभं केलं असतं तर नक्की असता.

म्हणून तुझ्या तीन पर्यायांबद्दल.

निषेध म्हणून न घेणं. कर, तत्त्व म्हणून मला ते आवडतं, पण मग निषेध डिलक्सचा कर, गेमचा कशाला? साधी एडिशन घेणं हाच कंपनीला दिसेल असा निषेध आहे, विक्रीचे आकडे ते बघतातच. काहीच घेतलं नाहीस तर तू दोघांना आणि त्या चौथ्याला, सगळ्यांनाच सोडून बसशील आणि कंपनीला पत्ताही लागणार नाही.

चौथ्यालाही डिलक्स घेऊन देणं. मन मोठं आहे तुझं, पण थांब. सहा हजारांची भेट, ती पण तीन दिवस आधी खेळायला, नोकरी शोधणाऱ्या माणसाला. उद्या त्याला लाइटबिलाला पैसे कमी पडले तर तुझ्याकडे मागताना ही भेट त्याच्या घशात अडकेल. आणि इतर दोघांसमोर द्यायची म्हणजे अजूनच. द्यायचंच असेल तर साधी एडिशन दे, आणि ती वाढदिवस किंवा दिवाळी असं काहीतरी निमित्त काढून, एकट्याला, ग्रुपवर न सांगता. आधी त्याला चालेल का याचा अंदाज घे.

तू डिलक्स घेणं. याला मी पाप म्हणणार नाही. पण हिशोब वर झालाय.

चौथा पर्याय तू लिहिलाच नाहीस. तू साधी घे आणि शुक्रवारी त्याच्याबरोबर सुरू कर. दोन मंगळवारवाले, दोन शुक्रवारवाले. तू असलास म्हणजे तो एकटा मागे राहिलेला उरत नाही, आणि कोणावर उपकारही होत नाहीत, कारण तुझे दोन हजार वाचलेत हे सगळ्यांना दिसतंय. त्या दोघांशी भांडू नकोस, त्यांनी पैसे भरलेत, खेळू दे. फक्त एक मागून घे: चौघांचं म्हणून एक वेगळं सेव्ह, म्हणजे जतन होणारा वेगळा डाव, शुक्रवारी रात्री नव्याने सुरू करायचं, त्यात सगळे पहिल्या लेव्हलला, आणि त्या दोघांनी तोंडाला कुलूप लावायचं. बहुतेक को-ऑप गेममध्ये दुसरं कॅरेक्टर करता येतं, याच्यात येतं का ते आधी बघून ठेव. आणि चौथ्याला बघायला आवडत असेल तर दोघांपैकी कोणीतरी मंगळवारी स्क्रीन शेअर करू दे, त्या पार्लरसारखं, पण ते त्यानेच मागितलं तर. काहींना गोष्ट आधी कळलेली अजिबात चालत नाही.

अशीच पत्रं आणखी आली आहेत म्हणून जाता जाता इतरांसाठी थोडं. डिजिटल गेम संपत नाही, त्यामुळे "आत्ताच बुक करा" याला घाबरायचं कारण नाही, रिलीजनंतर दोन दिवस थांबून लोक काय म्हणतायत ते बघा आणि मग घ्या. स्टीमवर खरेदीपासून १४ दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर पैसे परत मागता येतात, पण एप्रिल २०२४ पासून रिलीजच्या आधी खेळलेले तासही त्या दोन तासांत धरतात, आधी धरत नव्हते, तेव्हा मंगळवारी पाच तास खेळून शुक्रवारी रिफंड ही आयडिया आता चालत नाही. नेरुळच्या एका आईने विचारलंय की मुलगा मोबाइलवरच्या गेममध्ये नवीन कॅरेक्टर सगळ्यांच्या आधी मिळावं म्हणून दर महिन्याला पास घेतो, ऑनलाइन गेमवर तर बंदी आली ना? २०२५ चा जो कायदा आलाय तो पैसे लावून पैसे जिंकायच्या खेळांवर आहे, असे पास आणि गेम विकत घेणं त्यात येत नाही. त्यामुळे सरकार तुमच्या वतीने नाही म्हणणार नाहीये, ते तुम्हालाच म्हणायचंय. कार्ड किंवा यूपीआय गेमला जोडून ठेवू नका, महिन्याचा एक आकडा ठरवून गिफ्ट कार्ड द्या, ते संपलं की संपलं. मग आधी मिळणारं कॅरेक्टर घ्यायचं का पुढच्या महिन्यात दोन घ्यायची हे त्याचं तोच ठरवेल, आणि ही पोरं या हिशोबात आपल्यापेक्षा पक्की असतात.

तुला मात्र आजचं एकच काम. चौथ्याला फोन कर. मेसेज नको, अंगठ्याला उत्तर अंगठाच येतो. रविवारी ठाण्याला जाणारच आहेस तर तलावपाळीला भेट, आणखी बरं. "मी साधी घेतोय, शुक्रवारी तुझ्याबरोबर चालू करतो" एवढं सांग, का घेतोय ते समजावत बसू नकोस, आणि तो "कशाला रे, तू घे ना डिलक्स" म्हणाला तर दोन हजार रुपये तासाला अडीचशेने जातायत एवढंच सांग, जे खरंही आहे.

आणि गेम आधी डाउनलोड करता येत असेल तर बुधवारी रात्रीच लावून ठेव, हल्ली हे गेम शंभर जीबीच्या पुढे जातात, शुक्रवारी ऑफिसमधून येऊन लावलास तर तुमचा शुक्रवार शनिवारी सकाळी उजाडेल.